माहेरवाले सर

‘नाइस’ हा शब्द राऊतसरांसमोर उच्चारायची आमच्या शाळेत कुणाची छाती नव्हती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात ‘व्हेरी नाइस स्कूल’ असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच सर स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत कोसळले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"काय लिहून गेलाय कळलं का? ‘अत्यंत अडाणी शाळा’! अहो, नाइस म्हणजे पूर्वी अडाणी, बिनडोक. माणूस प्रामाणिक हो, जे दिसलं ते लिहून गेला!"

मुख्याध्यापकांनी पुढे आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला.

मी तलासरीच्या त्या शाळेत गणित शिकवायचो, सर इंग्रजी. मी डहाणूहून एसटी पकडायचो आणि सर पलीकडच्या नरपडहून सायकलने स्टँडवर येऊन त्याच एसटीत बसायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत घरच्या वाडीतले चिकू. चिकू देण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. अंगठ्याने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "हा आज नको, उद्या खा." उद्या खाल्ला का, हे परवा विचारायचे. मला ते ‘गणितराव’ म्हणत. "तुमचं बरं आहे, गणितराव. तुमचे दोन काल दोन होते, आज दोन आहेत, उद्याही दोनच. आमचे शब्द लेकींसारखे. दिल्या घरी जातात आणि तिकडच्या होऊन बसतात."

हा त्यांचा लाडका सिद्धांत होता. फळ्यावर कुठलाही साधा इंग्रजी शब्द लिहायचे आणि वर्गाला सांगायचे, "सासरी ही कशी नांदते ते पुस्तकात दिलंय. माहेरी कशी होती, ते मी सांगतो." मग ‘मीट’ म्हणजे एकेकाळी कुठलंही अन्न, अगदी भाकरीसुद्धा. ‘गर्ल’ म्हणजे कुठलंही लेकरू, मुलगा असो की मुलगी. ‘सिली’ म्हणजे देवाचा आशीर्वाद लाभलेला. हे कळल्यापासून मागच्या बाकावरची मंडळी स्वतःला अभिमानाने सिली म्हणवून घेऊ लागली. ‘डीअर’ म्हणजे कुठलंही जनावर, आणि आपल्याकडेसुद्धा ‘मृग’ म्हणजे आधी कुठलंही जनावरच, मग तो शब्द नुसत्या हरणाकडे गेला. पोरांनी त्यांचं नाव पाडलं, माहेरवाले सर. ते सरांना कळलं तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चिकू वाटले.

एक तास मला चांगला आठवतो. मी व्हरांड्यातून चाललो होतो आणि सरांचा आवाज ऐकून थांबलो. फळ्यावर ‘विंडो’ होतं. सर सांगत होते की हे दोन शब्दांचं लग्न आहे, वारा आणि डोळा. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. "आपल्याकडे आहे का असं काही?"  मग खिडकीजवळचा एक सावळा, बारकेला मुलगा उभा राहिला. सुनील वरठा, गंजाडच्या पाड्यावरचा, तलासरीला वसतिगृहात राहणारा.

"सर, मराठीच्या धड्यात गवाक्ष हाय. गव म्हंजे गाय ना? आन् अक्ष म्हंजे डोळा."

सरांनी खडू खाली ठेवला. "अरे, इतकी वर्षं मी ही विंडो शिकवतोय. मला कसं सुचलं नाही?" मग त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "तुमच्या घराला आहे का रे खिडकी?"

"खिडकी नाय सर, कुडाला भोक हाय. आय त्यातून बघते, कोण येतंय."

"मग तोच डोळा. त्यांचा वाऱ्याचा, आपला गाईचा आणि तुझ्या घराला तुझ्या आईचा."

त्या दिवसापासून सुनील सरांचा झाला. रविवारी तो नरपडला यायचा, सरांची जाडजूड पुस्तकं ओट्यावर पालथा पडून वाचायचा, सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या हातचं जेवायचा. वाडवळ जातीच्या घरात आदिवासी वारली पोर असा दर रविवारी पंगतीला, म्हणून आळीत कुजबुज झाली. सर ओट्यावरून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "अगं, आपल्या घरच्याला वाढायला उशीर का?" सरांची मुलगी वैजू तेव्हा परकर-पोलक्यात. सुनीलचं पुस्तक लपवणं आणि त्याने ते शोधून काढणं हा तिचा रविवारचा उद्योग होता. सरांचं तेव्हाचं ते वागणं मला फार आवडायचं. माणूस बोलतो तसा वागतो, असं मी घरी बायकोलाही सांगायचो.

आता त्या ओट्याबद्दल सांगायला हवं.

नरपडचं सरांचं घर फार मोठं नव्हतं, पण पुढचा ओटा ऐसपैस होता. लाकडी खांब, झोपाळा, समोर चिकूची झाडं आणि त्यापलीकडे सुरूच्या झाडांच्या रांगेतून दिसणारा समुद्र. त्या ओट्याचा एकच कायदा होता. निघताना माणसाने ‘येतो’ म्हणायचं आणि घरच्या माणसाने ‘ये’ किंवा ‘या’ म्हटल्याशिवाय पायरी उतरायची नाही. तसं हे सगळ्याच घरांत म्हणतात, पण आपण चपला शोधता शोधता म्हणतो. सरांकडे तो विधी होता. मासे घेऊन येणारी मांगेलीण असो की पोस्टमन, सगळे टोपली, थैली उचलून उत्तराची वाट बघत थांबायचे. एकदा मीटर बघायला आलेला नवा माणूस नुसताच निघून गेला. सरांनी त्याला फाटकातून परत बोलावलं. तो बिचारा घाबरून आला, काही चुकलं की काय म्हणून. सर म्हणाले, "या." तो म्हणाला, "आलो की." सर म्हणाले, "तसं नाही. आता जा."

यामागेही त्यांचं शब्दांचं वेड होतं. शाळेत रजेचा अर्ज देताना ते हेडमास्तरांशी हुज्जत घालायचे. "सर, ‘लीव्ह’ म्हणजे मुळात परवानगी. आपली ‘रजा’ म्हणजेही परवानगीच. दोन टोकांच्या दोन भाषा आणि दोघींना एकच कळलेलं, की माणसाने उठून चालू लागायचं नसतं, विचारून जायचं असतं. तेव्हा ‘हक्काची रजा’ हे काय प्रकरण आहे ते मला समजावा." हेडमास्तर म्हणायचे, "राऊत, सही केली आहे, जा." सर म्हणायचे, "या म्हणा." मग पुन्हा अबोला.

"आपला माणूस ‘येतो’ म्हणतो," सर मला एकदा झोपाळ्यावर म्हणाले होते, "तेव्हा तो रजा मागत असतो. आपण ‘ये’ म्हटलं की त्याची परत यायची वाट मोकळी राहते. आमची आजी सांगायची, उत्तर न घेता उतरलेला माणूस त्या पायरीवर परत चढत नाही."

वैजू नर्स झाली, डहाणूतच नोकरीला लागली. सुनील शिकून गंजाडला शिक्षक झाला, इंग्रजीचाच. पुढे काय झालं ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. आम्हा सगळ्यांच्या आलं होतं, एका सरांखेरीज.

थंडीत सरांकडे उकडहंडी असायची. वालपापडी, कोनफळ, रताळी, सगळं मसाला लावून मडक्यात कोंबायचं, तोंड पाल्याने बंद करायचं आणि मडकं विस्तवात. शाळेतले आम्ही सगळे दरवर्षी जायचो. एका वर्षी इतर मंडळी लवकर पांगली, मी मागे राहिलो. सुनीलही थांबला होता. तो ओट्यावर सरांच्या समोर जमिनीवर बसला आणि सरळ म्हणाला, "सर, मी आणि वैजू लग्न करायचं म्हणतोय. तुम्हाला विचारायला आलोय."

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली. सरांनी पाय जमिनीला टेकवले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुनील, तू माझा सगळ्यांत चांगला विद्यार्थी. तेवढाच राहा."

सुनीलने मान खाली घातली नाही. "सर, तुम्हीच शिकवलंत ना, शब्द कुठल्याही घरी गेला तरी नांदतो म्हणून?"

"शब्दांची गोष्ट वेगळी असते," सर म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या, हातात वाढायचं ताट. ते ताट घेऊन त्या तशाच आत गेल्या.

लग्न झालंच. नोंदणी पद्धतीने, चार माणसांत. त्यानंतरच्या रविवारी वैजू पाया पडायला आणि आपले कपडे न्यायला आली. सरांनी मला सकाळीच बोलावून घेतलं होतं. एकट्याने त्या दिवसाला तोंड द्यायचा धीर नसावा. सुनील फाटकाबाहेर मोटरसायकलजवळ उभा होता. वैजू बॅग घेऊन बाहेर आली, वाकली, सरांच्या पायांना हात लावला.

"बाबा, येते."

सर समुद्राकडे बघत होते.

"अहो, ये म्हणा तिला," काकू म्हणाल्या. 

वैजू थांबली. मीटरवाल्यापासून मांगेलिणीपर्यंत ज्यांना ज्यांना त्या घराने थांबवलं होतं, त्यांच्यासारखीच ती खांबाजवळ बॅग घेऊन उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ओठ हलतील असं दोनदा वाटलं. मग वैजू पायऱ्या उतरली. फाटकाशी पोचेपर्यंत तिने मागे बघितलं नाही आणि सरांनी तोवर मान वळवली नाही.

सरांचा मला इतका राग कधीच आला नव्हता. आयुष्यभर शब्दांच्या सोयरिकी गात हिंडलेला माणूस स्वतःच्या घरी जातीपाशी अडला. गणितात अशा उत्तराला आम्ही शून्य देतो, रीत कितीही सुंदर असली तरी. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "द्या शून्य." आणि मी निघताना ‘येतो’ म्हटलं तेव्हा मात्र नेहमीसारखं "या" म्हणाले. ते ऐकून मला आणखीच वाईट वाटलं.

वैजूने मग तो ओटा वर्ज्य केला. काकू गंजाडला जाऊन लेकीला भेटून यायच्या, पण वैजू नरपडला यायची नाही. मी एकदा तिला समजवायला गेलो. ती म्हणाली, "काका, मला हौस आहे का? आईला ताप आला तेव्हा मी फाटकापर्यंत आले होते. पाय पुढे जाईना. ज्या घरातून मला ‘ये’ मिळालं नाही, तिथे मी कुणाच्या परवानगीने चढू? त्यांनी एकदा म्हणावं. धावत येईन."

 सुनीलची आई चुलीपाशी बसून म्हणाली, "बापाचा राग नाय राहत मास्तर. त्याचा तोंड राहतंय."

तसंच होतं ते. सरांचा राग केव्हाच गेला होता, न उघडलेलं तोंड राहिलं होतं. दर शनिवारी एसटीतून उतरताना ते मला चिकूंची वेगळी पिशवी द्यायचे. निवडून काढलेली फळं, एकसारखी. "वाटेत कुणी भेटलं तर द्या." माझ्या वाटेत गंजाड येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी मुकाट्याने वाट वाकडी करायचो. उकडहंडीच्या दिवशी कोनफळाचे मोठे तुकडे ते स्वतःच्या हाताने डब्यात भरायचे, कारण ते कुणाला आवडतात हे सांगायची गरज नव्हती. डब्याचं झाकण लावताना एकदा मला म्हणाले, "गणितराव, ‘सॅड’ म्हणजे पूर्वी पोट भरलेला. तृप्त. मग त्याचा अर्थ झाला जड. मग दुःखी. बरोबरच आहे. आत फार साठलं की माणूस जडच होणार."

सर निवृत्त झाले. त्यानंतर एकदा कामानिमित्त मी गंजाडच्या शाळेत गेलो होतो. सुनीलचा तास चालू होता आणि मी पुन्हा एकदा व्हरांड्यात थांबलो. तिकडून मी थेट नरपडला गेलो. सर वाडीकडच्या खिडकीत बसले होते. हल्ली ते तिथेच बसत, कारण तिथून फाटक दिसायचं.

"सुनीलचा तास ऐकला," मी म्हणालो.

सर चष्मा पुसू लागले. "काय शिकवत होता?"

"विंडो."

"गवाक्षाचं सांगितलं?"

"सांगितलं."

"स्वतःला सुचलं म्हणून?"

"नाही. म्हणाला, आमच्या सरांनी सांगितलं."

सर उठले आणि आत गेले. पाण्याच्या घागरीपाशी उभे राहून बराच वेळ पाणी पीत राहिले, रिकाम्या भांड्यातून. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, आता बोला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, एक ‘ये’ म्हणायला तुमचं काय जातं?"

"जात काही नाही हो." सर हसल्यासारखं करून म्हणाले. "निघत नाही. वेळच्या वेळी न बोललेला शब्द आहे तो. रोज सकाळी ठरवतो, आज फोन करून म्हणायचं. संध्याकाळपर्यंत वाटतं, आता कुठल्या तोंडाने. तुम्हाला नाही कळायचं. तुमच्यात चुकलं की खोडता येतं."

 आमच्यातही सगळं खोडता येत नाही, पण तो वाद घालायची ती वेळ नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यानंतर सरांचं हृदय थकलं. पाय सुजले, दोन वाक्यांत धाप लागू लागली. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाट बघू नका, वापीला मोठ्या दवाखान्यात हलवा. काकूंनी सकाळी मला फोन केला. मी काकूंना न विचारता वैजूला केला. तिने फक्त एवढंच विचारलं, "बाबांनी बोलावलंय?" खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "नाही. पण तू ये." तिने फोन ठेवला.

सर वापीला पोचलेच नाहीत. तलासरीच्या अलीकडे, ज्या रस्त्याने आम्ही एसटीतून शाळेत जायचो त्याच रस्त्यावर, गाडीतच गेले. म्हणून नरपडच्या ओट्यावरची ती सकाळ हीच आमची शेवटची.

अँब्युलन्स फाटकात उभी होती. दोघांनी सरांना खुर्चीत बसवून उचलून दाराबाहेर आणलं. तेवढ्यात मोटरसायकल थांबली आणि वैजू धावत आली. ड्यूटीवरून तशीच आली होती, अंगावर नर्सचा ड्रेस. धावत आली आणि पायऱ्यांपाशी येऊन थबकली. पाय पहिल्या पायरीजवळ, हात पदर नसलेल्या खांद्यावर काहीतरी शोधत असलेला. सुनील तिच्या मागे उभा राहिला.

सरांनी तिला बघितलं. तिच्या केसांत एक पांढरी बट आली होती. ती सर प्रथमच बघत असावेत.

"वैजू," ते म्हणाले. मग श्वास गोळा करून, "येतो गं."

म्हटलं आणि उत्तराची वाट बघत राहिले. अँब्युलन्सवाल्याला यातलं काय कळणार? तो म्हणाला, "चला काका, उशीर होतोय," आणि त्यांनी खुर्ची उचलली. सरांनी हात लांब करून ओट्याचा खांब धरला. सुजलेली, पांढरी बोटं, पण पकड अशी की खुर्ची हलेना.

वैजूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी आवाज ताठ होता. ती बापाचीच मुलगी होती.

"बाबा, आधी माझं उत्तर राहिलंय."

 काकूंनी तोंडाला पदर लावला. सरांचा चेहरा वेडावाकडा झाला. आणि मग तो शब्द बाहेर आला, इतका बारीक की तो ऐकला त्यापेक्षा आम्ही बघितला.

"ये."

आणि जरा थांबून, तिच्या मागे उभ्या असलेल्याकडे बघत, "दोघं या."

वैजू पायऱ्या चढली. तिने बापाच्या तोंडावरचा घाम हाताने पुसला, नर्सच्या सवयीने मनगटाची नाडी बघितली, आणि ती बघताना तिला काय कळायचं ते कळलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते वाचलं. मग तिने खांबावरची त्यांची बोटं हळूहळू सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "या, बाबा."

सरांनी मान हलवली. वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की हलवायचे तशी. त्यांना गाडीत ठेवलं. काकू शेजारी बसल्या, सुनील पुढे ड्रायव्हरजवळ चढला. वैजूही निघाली होती, पण सरांनी हाताने नको अशी खूण केली आणि ओट्याकडे बोट दाखवलं. घरात कुणीतरी हवं, एवढाच त्याचा अर्थ होता.

दार लागलं. मागच्या काचेतून सरांचा चेहरा दिसत होता, आमच्याकडे वळलेला. गाडी सुरूच्या झाडांआड गेली तरी वैजू खांबाला धरून ओट्यावर उभी होती, आणि मी खाली अंगणात उभा होतो, कारण निघायचं तर मला आता तिला विचारावं लागणार होतं.